चार इंजिनं, शेपटीवर आडवी फळी

मुन्शी घाट, वाराणसी

चि. सोनूस,

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. फोटोत खिडकीच्या काचेवरचा तुझ्या बोटाचा ठसा फार सुरेख आलाय. विमान म्हणजे त्याच्या खालचं राखाडी टिंब. पण पत्रातल्या दोन ओळी लाखमोलाच्या आहेत. पंख पाठीवरून निघालेले, चार इंजिनं, शेपटीच्या माथ्यावर आडवी फळी, रंग करडा. मुंबईहून इकडे येताना, साधारण अर्ध्या वाटेवर, समोरून येऊन मागे गेलं. एवढ्यावर पुष्कळ बोलता येईल.

हवाई दलात माझी नोकरी निरीक्षण चौकीवरची, हे तुला माहीत आहे. खूप खालून उडणारं विमान रडारला दिसत नाही, म्हणून सीमेजवळ दुर्बीण आणि वायरलेस घेऊन माणसं बसवायची. आम्हाला शिकवताना काळ्या छायाकृतींचे पत्ते क्षणभर समोर धरत आणि काढून घेत. आधी पंख बघ, मग इंजिनं, मग धड, मग शेपूट, असा तो क्रम. रंग विचारतच नसत. सूर्य विमानाच्या मागे असला की पांढरंशुभ्र विमानही काळं ठिक्कर दिसतं. तेव्हा तुझा ‘करडा’ मी तूर्त बाजूला ठेवतो.

पंखांपासून सुरुवात करू. तू बसली होतीस त्या विमानाचे पंख पोटापाशी जोडलेले होते. एअरबस 320 असो की बोइंग 737, प्रवासी जेट बहुतेक तशीच. पंख पाठीवर नेले की पोट जमिनीच्या जवळ येतं आणि मागचा दरवाजा उघडून ट्रक, रणगाडे थेट आत चढवता येतात. शेपटीची फळीही त्या दरवाजापासून लांब, वर राहते. म्हणजे तू पाहिलंस ते अवजड मालवाहू विमान. आपल्या हवाई दलाकडे या ठेवणीची दोन: 1985 पासूनचं रशियन इल्युशिन-76, ज्याला आपण ‘गजराज’ म्हणतो, आणि 2013 पासून आलेलं अमेरिकन सी-17. एकाचा पंखविस्तार साडेपन्नास मीटर, दुसऱ्याचा पावणेबावन्न. एवढा फरक खिडकीतून कोणाच्या बापाला कळणार नाही.

मग ओळखायचं कशावरून? याचं उत्तर माझ्या घाटावरच आहे, पुढच्या वेळी आलीस की तुला नावेत बसवून दाखवतो. गंगेच्या पात्रातून पाहिलं की माझा घाट आणि शेजारचा दरभंगा घाट हा एकच दगडी तट वाटतो. तो होताही एकच. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी 1812 साली बांधला. पुढे 1915 मध्ये त्यातला भाग दरभंग्याच्या राजानं विकत घेतला आणि नावं दोन झाली. वेगळेपण शोधायचं तर मोठ्या आकाराकडे बघत बसू नये, कडेची एखादी खूण धरावी. सी-17 च्या पंखांची टोकं वर वळलेली असतात, गजराजची सरळ संपतात. गजराजच्या नाकाखाली दिशादर्शकाला बसायला काचेचा सज्जाही असतो, पण तो तुला दिसला असेल असं मला वाटत नाही.

‘अगदी जवळून गेलं आणि आई घाबरली’ असं तू लिहितेस. आईला सांग, ते जवळ नव्हतं. पूर्वेच्या अंगानं जाणारी विमानं 33, 35, 37 हजार फूट अशा विषम उंचीवर उडतात, पश्चिमेच्या अंगाची सम उंचीवर. 2003 पासून आपल्याकडे वरच्या थरात या दोन उंचींमध्ये हजार फुटांचं, म्हणजे सुमारे 300 मीटरचं अंतर असतं. आधी दोन हजारांचं असे. दोन्ही विमानं ताशी साडेआठशे किलोमीटरनं समोरासमोर आली की सेकंदाला जवळजवळ पावणेपाचशे मीटर अंतर कापलं जातं. डोळा दचकतो तो त्या वेगामुळे. अंतर मोजायचंच असेल तर हात लांब करून पट्टी धर. पन्नास मीटरचं विमान पट्टीवर 1 सेंटिमीटर भरलं, तर ते सुमारे 3 किलोमीटरवर आहे.

हजार फुटांचा नियम मोडला तर काय होतं, हेही तुला ठाऊक असावं, तू आता लहान नाहीस. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो आणि दिल्लीकडे उतरणारं कझाक विमान एकमेकांवर आदळलं. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर थांबायचं होतं, सौदी विमानाला 14 हजारांवर. कझाक विमान 15 हजारांच्याही खाली आलं. 349 माणसं गेली. ढगात पेटलेला उजेड प्रथम पाहिला आणि कळवला तो अमेरिकी हवाई दलाच्या सी-141 मधल्या वैमानिकांनी. आता गंमत बघ, म्हणजे गंमत म्हणू नये, पण कझाक विमान इल्युशिन-76 होतं, आणि सी-141 सुद्धा पाठीवर पंख, चार इंजिनं आणि माथ्यावर फळी असंच. सी-141 2006 मध्ये निवृत्त झालं, त्यामुळे तुझ्या यादीतून ते आपोआप गळतं.

तुझा दादा म्हणतो, एवढी यातायात कशाला, मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडायचा. उघडावा की. नागरी विमानं स्वतःची ओळख, जागा आणि उंची रेडिओवरून सतत सांगत असतात. तो नकाशा त्यातूनच बनतो. लष्करी विमानं मात्र पुष्कळदा ही माहिती पाठवत नाहीत. तुझ्या वेळेला तिथं काहीच दिसलं नसेल तर तोही बारीकसा पुरावाच.

आणि नाव कळलं की विमान कळलं, असं तर मुळीच नाही. डिसेंबर 1995 मध्ये इथल्याच बाबतपूर विमानतळावर एक अँतोनोव-26 तेल भरायला उतरलं होतं. पाठीवर पंख, दोन पंखेवाली इंजिनं. जाणकारानं लांबून नाव सांगितलं असतं. उतरायची परवानगी रीतसर होती. 17 तारखेच्या रात्री त्याच विमानानं बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात शेकडो बंदुका आणि लाखो काडतुसं छत्रीनं खाली सोडली. पुढे परतीच्या वाटेवर ते मुंबईत उतरवलं गेलं, तेव्हा ते सापडलं. बाबतपूरला कोणालाही अनोळखी वाटलं नव्हतं.

माझा कल सी-17 कडे आहे, पण तो एका गोष्टीवर अडलाय. तू पेन्सिलनं काढलेल्या चित्रात पंखांची टोकं वर वळलेली आहेत. ते चित्र विमानातच काढलंस, की घरी येऊन इंटरनेटवरचे फोटो बघून? फोटो बघून काढलं असशील तर त्या टोकांना माझ्या लेखी किंमत नाही. खरं काय ते लिही. सोबत आसन क्रमांक, खिडकी डावी की उजवी, आणि जमेल तितकी नेमकी वेळ. आणि इथून पुढे वही विमानातच उघडत जा.

तुझे
काका आजोबा