बरा झालेल्याचे काम

रोगी बरा झाला म्हणजे त्याचे दुःख संपले, असे आपण सहज समजतो. दवाखान्याने कागद दिला, औषधाची शेवटची गोळी पोटात गेली, घरच्यांनी त्यास गाडीत बसवून आणले. आता आणखी काय उरले? आमच्या मते जे उरले तेच सर्वांत अवघड असते. जो मनुष्य वर्ष दोन वर्षे दुखण्यात राहिला व ज्याच्या अंगावर त्या दुखण्याची खूण कायमची राहिली, त्याने उद्या सकाळी उठून कोठे जावे? ज्याच्या शेतावर तो पूर्वी रोजाने जात असे, तो मालक त्यास बोलावील काय? आणि त्याने न बोलाविल्यास त्याची दयेत कसूर झाली, की न्यायात? क्षयाने, अर्धांगवायूने किंवा हृदयाच्या विकाराने खंगलेल्या प्रत्येकाविषयी हा प्रश्न विचारता येईल. आम्ही तो आज कुष्ठरोगाविषयी विचारतो; कारण ह्या रोगाइतके माणसास कामावरून व घरातून उठविणारे दुखणे दुसरे क्वचितच असेल.

ह्या रोगाचा जंतू नॉर्वे देशातील डॉक्टर हान्सेन ह्यांनी 1873 साली शोधून काढिला. पुढे 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, व रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या मनुष्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचे भय राहत नाही. 2005 सालच्या अखेरीस ह्या देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरले. तरी 2022-23 ह्या एका वर्षात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले, हेही विसरता कामा नये. औषध जंतूस मारते. परंतु जो मज्जातंतू फार दिवसांपूर्वी निकामी झाला त्यास ते पुन्हा जिवंत करीत नाही. म्हणून रोग गेलेला व बोटे वाकडी राहिलेली, अशी पुष्कळ माणसे आपल्यामध्ये आहेत. लोक त्यांस रोगी म्हणतात; वैद्यशास्त्र म्हणत नाही.

येथे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात घडलेली हकीकत सांगणे उपयोगाचे होईल. डॉक्टर पॉल ब्रँड हे 1946 साली तेथे आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडून पडतात, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. ब्रँड ह्यांच्या ध्यानात आले की बोटांचा नाश बहुतांशी जखमांनी होतो; आणि जखमा होतात त्या दुःख कळत नाही म्हणून. एका मुलाने गंजलेल्या कुलुपात जोराने किल्ली फिरविली. कुलूप उघडले, पण बोट हाडापर्यंत कापले गेले, आणि मुलास त्याची वार्ताही नव्हती. रात्री उंदीर येऊन निजलेल्यांची बोटे कुरतडीत, तेही त्यांस कळत नसे. तेव्हा घरी जाणाऱ्या रोग्यांस सोबत एकेक मांजर देण्याचा उपाय त्यांनी योजिला. दुःख ही किती मोठी देणगी आहे हे ती गमावलेल्यांकडूनच शिकावे लागते. असो. ब्रँड ह्यांनी चांगल्या स्नायूची दोरी काढून दुर्बळ बोटांस जोडण्याची शस्त्रक्रिया बसविली, व आखडलेले हात सरळ होऊ लागले.

पुढे जे झाले तेच आमच्या विषयाचे मर्म आहे. ज्यांचे हात सरळ झाले त्यांपैकी काही जण पूर्वीपेक्षा अधिक हलाखीत परत आले. वाकड्या हातावर लोक निदान पैसा टाकीत. सरळ हातावर कोणी टाकीना. आणि चेहऱ्यावरची खूण पाहून कोणी काम देईना, राहावयास जागा देईना. म्हणजे शस्त्रक्रियेने त्या बिचाऱ्यांची भीक गेली आणि भाकरी मात्र आली नाही! ब्रँड ह्यांनी हे गाऱ्हाणे कृतघ्नपणाचे मानिले नाही. 1951 साली महाविद्यालयाच्याच आवारात मातीच्या झोपड्यांची एक लहान वस्ती उभी राहिली, व तेथे सुतारकाम व दुसरे हातधंदे शिकविण्यास आरंभ झाला. मुलांना झालेली प्रत्येक जखम पाहून ती कोणत्या हत्याराने झाली ह्याचा तपास होई, आणि मग त्या हत्याराची मूठ बदलली जाई.

ह्यावरून आम्हांस असे दिसते की बरे होणे ही एक गोष्ट व परत येणे ही दुसरी. शुभवर्तमानातही कुष्ठ्यास शुद्ध केल्यावर प्रभूने त्यास याजकाकडे जाण्यास सांगितले; कारण याजकाच्या शब्दाशिवाय गावाचे दार त्यास उघडत नव्हते. आज कागद देणारा डॉक्टर आहे. दार उघडणारे मात्र आपणच आहोत.

कोणी म्हणेल, आपल्या मंडळीत अन्न आहे, मग त्याने बसून का खाऊ नये? असे बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो, पण त्याचे बोलणे आम्हांस कठोर वाटते. जो दहा वर्षे नांगर धरीत होता त्यास ओट्यावर बसवून वाढणे म्हणजे तो आता आपल्यांतला नाही असे रोज दोन वेळा सांगणे होय. त्याच्या घरी उपदेशक जातो, प्रार्थना करितो, पन्नास रुपये हातावर ठेवितो; पण, बाबा, तुला कोणते काम करता येईल, असे विचारणारा क्वचित भेटतो.

दुसरी हरकत ह्याहून वजनदार आहे, व तिला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऊस तोडणाऱ्या टोळीला टनावर पैसे मिळतात. तीत अर्ध्या बळाचा एक मनुष्य घेतला तर त्याची उणीव कोण भरून काढणार? टोळीतले इतर, आणि तेही त्याच्यासारखेच गरीब. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण वर्षातून एकदा तरी उपदेश ऐकतो. शेवटच्या तासाला आलेल्यास पुरा रोज मिळाला हे ऐकून आपले मन हलते. पण त्या धन्याने तो आपल्या पदरचा दिला, सोबतच्या मजुरांच्या मजुरीतून कापून दिला नाही, हे आपण लक्षात घेत नाही. आमचे म्हणणे असे की परत येणाऱ्यास जागा करून देण्याचे ओझे त्याच्या शेजारी वाकून काम करणाऱ्यावर पडू नये. ते साऱ्या गावाने, निदान साऱ्या मंडळीने, वाटून घ्यावे. टोळीतले लोक कुरकुरले तर त्यांस निष्ठुर ठरविण्याची घाई करू नये. ते आपला हिशेब बरोबर करीत असतात. हिशेबात भर घालावयाची ती ज्यांच्याजवळ आहे त्यांनी.

सरकारी नोकरांपुरते हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 सालचा कायदा कुष्ठरोगातून बरे झालेल्यांसही लागू आहे. त्याप्रमाणे नोकरीत असता ज्यास अपंगत्व आले त्यास सरकारने काढून टाकू नये, त्याचा दर्जा कमी करू नये; ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे, आणि दुसरी जागा नसेल तर ती होईपर्यंत त्याच्याकरिता जादा जागा ठेवावी. ह्यात खर्च सोबतच्या कारकुनावर पडत नाही, सरकारी तिजोरीवर पडतो. परंतु रोजाने जाणाऱ्या शेतमजुरास कोणती तिजोरी आहे?

बाबा आमटे ह्यांनी 1951 साली वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, तेव्हा सहा रोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढेच भांडवल असल्याचे सांगतात. खडकाळ जमिनीत त्या हातांनी विहीर खणली, पिके काढिली, आणि भिकेपेक्षा श्रम माणसास उभे करितो हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. त्या कामाविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि अशी वसाहत ज्यास घर उरले नाही त्याच्याकरिता होय. ज्यास घर आहे, बायकामुले आहेत, त्यास आपणच दूर धाडून मग वसाहतीची स्तुती करीत बसलो, तर ती स्तुती आपल्या सोयीची आहे, एवढे तरी ओळखावे.

आता काम कसले द्यावे हा प्रश्न राहिला, आणि येथे चांगल्या मनाची माणसेही चुकतात. काम दिले की झाले असे नाही. ज्याच्या तळपायास व्रण आहे त्यास विश्रांती हेच औषध. त्यास शेळ्यांमागे धाडणे म्हणजे पाय गमाविण्यास धाडणे. त्यास बसून करावयाचे काम पाहिजे: धान्य निवडणे, मापे मोजणे, हजेरी लिहिणे, दुकान सांभाळणे. ज्याचे पाय चांगले पण हात बधिर, त्यास राखण किंवा गुरे चालतील. कापसाची वेचणी दिसण्यात हलकी, पण वाळलेल्या बोंडाची टोके बधिर बोटांत शिरतात व कळत नाहीत. उसाच्या पाल्याची तीच गत. चुलीवरचे भांडे फडक्याने किंवा सांडशीने धरावे. खुरप्याच्या मुठीस सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली म्हणजे न मिटणाऱ्या मुठीतही खुरपे राहते. संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून तेल लावावे, व दिवसाच्या उजेडात कोणीतरी तळवे पाहून घ्यावे. स्वतःस न कळणारी जखम दुसऱ्याच्या डोळ्यास दिसते. मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला आरोग्य केंद्रातून मिळतात. त्या मागवून घेण्यास कोणी लाजू नये.

मजुरीविषयी आमचे मत असे. अर्धा दिवस काम झाले तर अर्ध्या दिवसाची द्यावी. पुरा दिवस गरजेचे काम केले तर पुऱ्या दिवसाची द्यावी, ते काम बसून केलेले असले तरी. दान द्यावयाचे असेल तर ते दान म्हणून निराळे द्यावे. मजुरीत दान मिसळले म्हणजे घेणारास ते कळते, शेजारच्यासही कळते. उलट, पूर्वी रोगी होता म्हणून चार पैसे कमी देणे ही चोरी होय, व ती मंडळीच्या पंचांनी तशीच मोजावी.

पेरणीच्या आधी प्रत्येक गावी माणसे ठरविली जातात. त्या वेळी पाळकाने किंवा उपदेशकाने परत आलेल्या मनुष्याकडे स्वतः जावे, व त्याच्यासमोरच, त्याच्या पाठीमागे नव्हे, बोलणे करावे. त्यास काय जमते हे त्यास सर्वांत चांगले ठाऊक असते. तो पहिल्याने नको म्हणेल. पुष्कळ दिवस कोणी बोलाविले नाही म्हणजे मनुष्यास बोलावण्याचीच भीती वाटते. तेव्हा आठ दिवसांनी पुन्हा जावे.