आंधळा डोळा

एखाद्या गोष्टीकडे 'आंधळा डोळा वळवणे' असा एक वाक्प्रचार इंग्रजीत आहे. आपल्या 'काणाडोळा करणे' याचा तो सख्खा भाऊच म्हणायचा. कारण काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. त्याच्या जन्माची कथा सांगतात ती ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याची. १७९४ साली कॉर्सिका बेटावरील काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनपाशी डॅनिश आरमाराशी लढाई ऐन भरात आली असता, त्याचे वरिष्ठ हाइड पार्कर यांनी दुरून ती थांबवण्याचा इशारा दिला. नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि आपल्याला इशारा दिसत नाही, असे सांगून टाकले. लढाई चालू राहिली, तो जिंकला.

गंमत अशी की, काय पाहायचे नाही हे ठरवण्यासाठी आधी ते पाहावेच लागते. खरा आंधळा काणाडोळा करूच शकत नाही. ती डोळसांची विद्या. म्हणूनच 'मला ठाऊक नव्हते' ही सबब काणाडोळा करणाऱ्याला कधीच मिळत नाही.

मग काणाडोळा हे पापच काय? तसे म्हणवत नाही. मास्तरांची पाठ वळली की वर्गात कुजबुज होणारच. प्रत्येक कुजबुजीला ते मागे वळू लागले, तर धडा तिथेच राहील. परंतु चार दांडगी पोरे एका दुबळ्या पोराला चिमटे काढीत असताना तेच मास्तर फळा पुसत राहिले तर? डोळा तोच, मिटणेही तेच; मग फरक कोठे?

मला वाटते, फरक आहे तो किंमत कोण मोजतो यात. कुजबुजीचा त्रास मास्तर स्वतः सोसतात, ती क्षमा. दुसऱ्या वेळी डोळा त्यांचा मिटतो आणि चिमटा पोराला बसतो, ते भ्याडपण.

नेल्सनचे काय? हरला असता तर आज्ञाभंगाचा जाब त्यालाच द्यावा लागला असता. तेवढे धैर्य त्याचे खरे. तथापि त्या दिवशी दोन्ही बाजूंची मिळून शेकडो माणसे मेली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. विजयाने सेनानीची कीर्ती वाढली. पण हा हिशेब फिटला असे म्हणता येत नाही.

दिवाळीत घर माणसांनी भरते, तेव्हा थोडा काणाडोळा हवाच. सुनेची चकली मऊ पडली, तर सासूबाईंनी ती मुकाट्याने खावी. भावाची ओवाळणी कमी पडली, तर बहिणीने ताटाकडे पाहू नये. मात्र घरी राबणाऱ्या बाईचा थकलेला पगार मालकिणीने दोन्ही डोळ्यांनी पाहावा, आणि तोही पहिल्या पणतीच्या आधी.