पानाचे मुळास देणे

मननासाठी: योहानकृत शुभवर्तमान, अध्याय १५



प्रभूने आपल्या शिष्यांस द्राक्षवेल व फाटे ह्यांचा दृष्टांत दिला, तो आपण पुष्कळदा ऐकिला आहे. वेलापासून तुटलेला फाटा सुकतो, हा बोध आपल्या मनात ठसलेला आहे. परंतु वेलापासून घेणारा फाटा वेलास काही परत देतो की काय, ह्याचा विचार आपण क्वचितच करितो. आज त्याच वेलाकडे आपण जरा जवळून पाहू या.

मूळ अंधारात राहते. त्यास स्वतःचे अन्न तयार करिता येत नाही. ते जमिनीतील पाणी व क्षार वर पाठविते. पान ते पाणी व हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशाच्या योगाने साखर तयार करिते. ही साखर सालीच्या आतल्या अंगास असलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांतून मुळांकडे, कोवळ्या शेंड्याकडे व घडांकडे जाते. पाणी मात्र लाकडातील निराळ्या नळ्यांतून वर चढते. खोड एक, पण वाटा दोन.

ह्या साखरेस कोण ढकलितो? वेलास तर हृदय नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख ह्यांनी इ. स. १९३० मध्ये जे उत्तर मांडिले, ते आज बहुतेक विद्वानांस मान्य आहे. पान आपली साखर नळीत भरिते. तेथे रस दाट झाला की आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते व दाब वाढतो. दुसऱ्या टोकास मूळ किंवा मणी ती साखर काढून घेतो, म्हणून तेथील दाब उतरतो. मग जेथे भरलेले आहे तेथून, जेथे उणे आहे तिकडे रस वाहू लागतो. त्याचा वेग साधारणतः तासास अर्धा ते एक मीटर असतो. बहुधा वरची पाने शेंड्यास व खालची पाने मुळास पुरवितात. परंतु खालची पाने गेली, तर वरची पाने मुळाचाही भार उचलितात.

ह्यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

पहिली ही की, जे पान देत नाही त्याचे करणेही मंदावते. साखर बाहेर जाण्याची वाट अडली, तर ती पानात साचते, आणि साचलेल्या साखरेमुळे पानाचे नवी साखर करण्याचे कामच मंद होते. साठविल्याने ते पान श्रीमंत होत नाही. ज्या घरात मिळकत आली आणि दाराला कडी लागली, त्या घराचेही असेच होते.

दुसरी गोष्ट ही की, प्रत्येक पान आधी घेणारे होते. आपल्या महाराष्ट्रातील बागाईतदार वेलाची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करितात. छाटणीनंतर वेलावर पान उरत नाही. मग नवा फुटवा कशावर वाढतो? मागे पानांनी मुळांत व खोडात जे पिठूळ सत्त्व साठवून ठेविले, त्याचीच पुन्हा साखर होऊन ती वर येते. कोवळे पान हेच खाऊन उलगडते. ते सुमारे तिसरा हिस्सा ते अर्धे वाढले म्हणजे त्याचे घेणे थांबू लागते व देणे सुरू होते. आणि एकदा देणारे झालेले पान सहसा पुन्हा घेणारे होत नाही.

तिसरी गोष्ट फार गंभीर आहे. खोडावरील सालीचे कडे काढून टाकिले म्हणजे साखरेची खालची वाट तुटते. सतराव्या शतकात इटलीतील वैद्य मार्चेल्लो माल्पीघी ह्यांनी पाहिले की, अशा कड्याच्या वरची साल फुगते. द्राक्षबागाईतदार मणी मोठे व्हावे म्हणून अगदी बारीक कडे काढितात व त्यास गर्डलिंग म्हणतात. ती जखम काही आठवड्यांत भरून येते, म्हणून वेल वाचतो. परंतु कडे रुंद असून भरलेच नाही, तर काय होते? लाकडातून पाणी चढतच असते, म्हणून पाने हिरवी राहतात. त्या हंगामात फळही कदाचित अधिक भरते. पाहणारा म्हणतो, झाड किती उत्तम! पण खाली मूळ उपाशी मरत असते, आणि मुळामागून सारे झाड जाते.

बंधूंनो, आपल्या खेड्यांतील मंडळ्या मुळांसारख्या आहेत. येथल्या आईने दळून-कांडून लेकरास शिकविले. येथल्या प्रचारकाने कंदिलाच्या उजेडात त्यास अक्षरे गिरवावयास लाविली. आता तो मुंबईस किंवा पुण्यास आहे, त्याचे घर भरले आहे. ह्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु गावातील प्रार्थनामंदिराचे छप्पर गळते, प्रचारकास वेळेवर पोटापुरते मिळत नाही, आणि म्हातारी आई पत्राची वाट पाहते. असे असेल तर वर हिरवे दिसत असले, तरी कोठे तरी साल तुटली आहे.

तरीही आम्ही कठोर होऊ नये. जे पान अजून उलगडत आहे, त्याजकडे मागू नये. शिकत असलेला मुलगा, नुकतीच चाकरी लागलेली मुलगी, आजाऱ्याचे घर, ह्यांस वाढू द्यावे. आणि मुळानेही मिळालेले वाया दवडू नये; आलेल्या पैशाचा हिशेब मंडळीपुढे चोख ठेवावा. जेथे दिलेले कामास लागते, तिकडेच ओघ चालू राहतो.

गावी राहणाऱ्यांनीही, आम्ही मूळच, आम्ही काय द्यावे, असे म्हणू नये. छाटणीनंतर मूळच फुटव्यास पोसते. शहरात ज्याची चाकरी सुटली, तो घरी परत आला म्हणजे त्यास टोमणा न मारिता भाकर वाढणे, हे मुळाचे देणे होय.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने आपणास विचारावे: मी कोणाच्या साठ्यावर वाढलो? आता मी घेणारा आहे की देणारा? मजमध्ये व माझ्या मुळामध्ये कोठे कडे पडले आहे काय? पडले असेल, तर ते अजून बारीक आहे तोवर भरून काढावे. एखादे पत्र, एक भेट, सुगीतील एक पायली धान्य, इतक्यानेही आरंभ होतो. ज्याने वेलात ही वाट घातली, तो ती आपणांमध्येही मोकळी ठेवो. आमेन.