प्रकृतीचा रकाना

नर्मदा परिक्रमेच्या बसचा फॉर्म भरून आत्यानं माझ्यापुढे सरकवला. वय ७६. प्रकृतीच्या रकान्यात मास्तरणीच्या टपोऱ्या अक्षरात 'उत्तम'.

"आत्या, बावीस वर्षांची शुगर आहे तुला."

"शुगर कुठं विचारलीय? प्रकृती विचारलीय."

"एकच ते."

"एकच कसं? शेजारच्या अण्णांना एक गोळी नाही, पण उठल्यापासून आज काय दुखतंय ते शोधत बसतात. त्यांची उत्तम का?"

मी जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ची व्याख्या काढली. नुसतं आजार नसणं पुरत नाही. शरीर, मन, समाज तिन्ही अंगांनी माणूस संपूर्ण सुस्थितीत हवा.

"संपूर्ण? मग सत्तरीनंतर कुणी धड नसतंच म्हण की!"

यावर मला उत्तर नव्हतं. मी रिपोर्टकडे वळलो. तीन महिन्यांची शुगर तरी खोटं बोलत नाही.

"गेल्या साली ६.४ आली होती. डॉक्टर खूश. तू तर पेढे आणलेस, गाढवा! त्याच तीन महिन्यांत पहाटे घामानं चिंब होऊन उठायचे, हात लटलट कापायचे. एकदा न्हाणीत पडले. मग डॉक्टरांनीच गोळी कमी केली. आता ७.६ आहे आणि रात्रभर झोपते. सांग, बरी कधी होते?"

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे साधारण तीन महिन्यांचा सरासरी हिशेब त्या एका आकड्यात उतरतो आणि पहाटे साखर घसरल्याचा खड्डा त्यात बुजून जातो. उतारवयात हे खड्डेच घातक, म्हणून जाणते डॉक्टर म्हाताऱ्यांना आकड्यात थोडी सूट देतात. आत्याचं बरोबर होतं. पण हरायची माझी तयारी नव्हती.

"म्हणजे तुला वाटेल ते खरं? मग तो खडा?"

ती गप्प झाली. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याएवढा खडा दिवसभर तिच्या चपलेत होता. नसा बधिरलेल्या, तिला पत्ताच नाही. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेही कामवाल्या मावशींना. जखम भरायला अडीच महिने गेले.

"त्या दिवशीही तू उत्तमच लिहिलं असतंस."

"लिहिलं असतं. वाटतच होतं तसं." मग म्हणाली, "म्हणून तर आरसा."

काकांचा दाढीचा आरसा रोज रात्री ती जमिनीवर ठेवते, त्यावर तळवा धरते, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारून बघते. स्वतःच्याच पायाची खबर तिला अशी बाहेरून आणावी लागते.

"मग काय करायचं फॉर्मचं?"

"आजारी लिहिलं तर बसमध्ये घेणार नाहीत. उत्तम लिहिलं आणि वाटेत घाम फुटला, तर शेजारच्या बाईला काय कळणार?"

बराच वेळ पेन हातात धरून बसली. मग कागद उलटा करून पाठीमागे लिहिलं: 'घाम फुटून बरळायला लागले तर पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोज आहे. ते द्यावे. घाबरू नये.'

"आणि पुढचं 'उत्तम'?"

"ते राहू दे. खोडलं की कागद घाण दिसतो."