हरित आवार कोणाच्या हातांनी?

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात एक शहाणपण आहे. सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण, कचऱ्याची विल्हेवाट, वृक्षलागवड यांच्याच रांगेत तिथे स्त्री-पुरुष समानता आणि दिव्यांगांसाठी अडथळामुक्त आवार हे मुद्दे ठेवले आहेत. महाविद्यालयात पोचेपर्यंत मात्र त्यांच्या दोन फायली होतात. पर्यावरणाची फाइल एका समितीकडे जाते, समान संधीची दुसरीकडे, आणि दोन्ही समित्या एकमेकींशी बोलत नाहीत. या फायली वेगळ्या राहतील तोवर दोन्ही कामे अर्धवटच होतील, असे माझे ठाम मत आहे. त्याला पुण्यातलाच एक जुना आधार आहे.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागात १९९०च्या सुमारास लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मुली शिकायच्या तर त्या दिवसभर काय करतात हे पाहायला हवे, म्हणून या दोघी मुलींबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. खरकटे, फुटकी काच आणि घाण यांच्या ढिगातून या बाया हातांनी कागद आणि पत्रा उपसत होत्या. तोच कागद घरात वेगळा ठेवला गेला तर बाईचे तास वाचतात, माल कोरडा मिळतो, त्याला भाव येतो आणि लेकीला उकिरड्यावर नेण्याची गरज उरत नाही. ओला-सुका वेगळा करा, ही मागणी तिथे अशी मजुरीच्या हिशेबातून आणि मुलींच्या शाळेच्या काळजीतून पुढे आली.

१९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. पाण्याचा आणि जातीचा प्रश्न वेगळा काढता येत नाही, हे आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत गावोगाव फिरून मांडले होते. कचऱ्याच्या प्रश्नातही त्यांना जात दिसली, यात नवल नाही. पुढे कचरावेचकांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली आणि २००८मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद आली, तेव्हा पुण्यातल्या संघटनेला वीस वर्षे उलटून गेली होती. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात विद्यापीठाच्या एका विभागात झाली, आणि तीही साक्षरतेच्या कामातून. आपल्याकडे प्रौढ शिक्षणाचे विभाग बहुधा कोपऱ्यातच राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे.

आज महाविद्यालयांच्या आवारात ओल्या-सुक्या कचऱ्याचे रंगीत डबे असतात. ते रिकामे करणारी बाई बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडची असते आणि आवाराच्या कुठल्याच समितीवर नसते. मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅडचा कचरा तिच्याच हाती येतो. असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम ‘स्वच्छ’च्या बायकांनी चालवली, कारण पुडके उघडण्याआधी आत काय आहे हे त्यांना कळायला हवे होते. वसतिगृहात ही सवय लावायला एक लाल पेन पुरते. हातमोजे, वेळेवर आणि पूर्ण वेतन, भविष्य निर्वाह निधी यांना मात्र पैसे लागतात, आणि ते संस्थेने खर्च केलेच पाहिजेत.

पर्यावरणासाठी केलेली गोष्ट एखाद्याला बाहेर कशी ढकलते, हेही पाहण्यासारखे आहे. कागद वाचवण्यासाठी सूचना मोबाइलवर पाठवतात, पण ती सूचना म्हणजे सही-शिक्क्यानिशी स्कॅन केलेले चित्र असते. अंध विद्यार्थ्याच्या फोनमधले वाचक सॉफ्टवेअर अशा चित्रापुढे बरेचदा मुके राहते, आणि परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख त्याला मित्राकडून कळते. आवार वाहनमुक्त करतात, तेव्हा दिव्यांग विद्यार्थ्याची तीनचाकी स्कूटरही फाटकाबाहेर राहते. औषधी वनस्पतींच्या बागेत खडी अंथरतात आणि त्या खडीत व्हीलचेअरचे चाक रुतते. हे कोणी दुष्टपणे करत नाही. निर्णय घेताना ज्याला त्रास होणार तो खोलीत नव्हता, एवढेच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशी म्हणून राहू नयेत, ते बंधनकारक असावेत, असे बजावले. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचताच आले नाही, तर त्या राखीव जागेला अर्थ उरत नाही. उद्वाहन बसवायला निधी लागतो हे मान्य. पण त्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकात बदल केला की भागते.

वेळापत्रकाशी एसटीचाही संबंध आहे. ग्रामीण महाराष्ट्रात लांबच्या गावाहून कमी इंधनात महाविद्यालय गाठणारा विद्यार्थी एसटीने येतो. पासवर त्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते, ती सरकार देते. महाविद्यालयाच्या हातात असते ते प्रात्यक्षिक संपण्याची वेळ गावच्या शेवटच्या गाडीच्या आधी ठेवणे. ती गाडी चुकू लागली की घरचे आधी मुलीचे शिक्षण थांबवतात. २०२१-२२च्या संपात एसटी महिनोन्‌महिने बहुतांशी बंद राहिली, तेव्हा खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा केवढा भार या गाडीवर आहे ते सगळ्यांना दिसले. तरीही पर्यावरणाच्या अहवालात झाडे मोजली जातात, एसटीने येणारी मुले क्वचितच.

अनुदान अपुरे आहे, पदे रिकामी आहेत, असलेल्या प्राध्यापकांवर कागदांचा बोजा आहे. प्राचार्यांची ही तक्रार खरी आहे. म्हणूनच मागणे मोठे नाही. पुढच्या हरित लेखापरीक्षणाच्या बैठकीला आवार झाडणाऱ्या बाईंना, एखाद्या अंध किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला आणि शेवटच्या एसटीने घरी जाणाऱ्या मुलीला बोलवा. बाईंचा त्या दिवसाचा रोज कापू नका. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहा, आणि सौर पॅनेलची निविदा काढण्याआधी त्यातल्या ज्या सूचनांना पैसे लागत नाहीत त्या त्याच सत्रात अमलात आणा.