गड कोणासाठी चढायचा?

पावसाळा ओसरू लागला की शनिवारी संध्याकाळी पुण्याच्या मंडईत एक वेगळी खरेदी दिसू लागते. कोवळ्या काकड्या, मोसंबी, पेरू, भाजके शेंगदाणे, थोडा गूळ. पिशवी बाबांच्या हातात, आईचं बोट धरून चार-पाच वर्षांचं मूल, आणि बोलणं उद्याचं: पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत सिंहगड चढायचा.

हे दृश्य मला मनापासून आवडतं. सिंहगड पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, तर लोहगड, राजगड, तोरणाही एका दिवसात जाऊन येण्यासारखे. असं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. आतकरवाडीच्या वाटेनं चढताना मुलाच्या पायाला माती लागते, देवटाक्याचं गार पाणी पाहून ते हरखतं. दह्याची मडकी डोक्यावर घेऊन रोज गड चढणाऱ्या मावशी त्याला भेटतात. आपण हौसेनं चढतो ती वाट कोणाच्या तरी पोटापाण्याची आहे, हे त्याला पुस्तकाआधी तिथं कळतं.

काळजी वाटते ती या हौसेला लागलेल्या चढाओढीची. अमक्या वयात अमका गड, तमक्या महिन्यात कळसूबाई, असे विक्रम आईबाप मुलांच्या नावावर मांडू लागले आहेत. चार वर्षांचं मूल ‘मी दमलो’ असं नीट सांगत नाही. ते किरकिर करतं, दगडावर बसून राहतं, पाणी नको म्हणतं. आपण त्याला हट्ट म्हणतो आणि ‘आलंच आता’ असं खोटं सांगत ओढत नेतो. झोळीतल्या तान्ह्याचं तर आणखी अवघड. चालणाऱ्या बापाला घाम फुटलेला असतो, पण पाठीवरचं बाळ हलत नसल्यामुळे पहाटेच्या वाऱ्यात गारठतं. त्याला विचारलं कोणी?

रायगडावरच्या हिरकणीची कथा आपण या मुलांना मोठ्या अभिमानानं सांगतो. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सूर्य मावळताच बंद झालेले दरवाजे, घरी भुकेलं तान्हं बाळ, आणि अंधारात ती उतरून गेलेला कडा. आख्यायिका असली तरी तिचं सांगणं स्वच्छ आहे. हिरकणीनं कडा उतरला तो बाळाच्या भुकेसाठी, स्वतःच्या पराक्रमासाठी नव्हे. तिचं नाव घेणाऱ्यांनी बाळाला कड्यावर नेताना आपली भूक कोणती आहे, हे एकदा स्वतःला विचारावं.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत चार मुलं होती. त्या कुटुंबाला बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. सहलीला तर आपण सगळेच जातो. पण डोंगरातलं पाणी बघता बघता वाढतं, आणि मुलाला त्याचा अंदाज नसतो. तो अंदाज ठेवणं हे मोठ्यांचंच काम आहे.

सहलीची ही खरेदी जिथं होते, त्या मंडईचीही एक गोष्ट इथं आठवते. तिची इमारत १८८६ साली उभी राहिली. त्याआधी पुणे नगरपालिकेत तिच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. एवढा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. आधी गरज कोणाची पाहायची, हा त्यांनी विचारलेला प्रश्न गडाच्या पायथ्याशीही तितकाच लागू आहे.

म्हणून उद्या निघणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चाल मुलाची ठेवा. त्याला मुंगळ्यांची रांग पाहायची असेल तर थांबा. त्याच्यासाठी गड तिथंच आहे. धबधब्याच्या प्रवाहात आणि कड्याच्या टोकाला त्याला नेऊ नका. गडावर गोंगाट आणि धूर करू नका, कपारीत आग्या मोहोळं असतात. मावशींच्या दह्याचे पैसे घासाघीस न करता त्याच्या हातून द्या, आणि काकडीची सालं, चिक्कीचे कागद पिशवीत घालून त्याच्याच हातानं खाली आणा. आणि अर्ध्या वाटेत त्यानं ‘घरी जाऊ’ म्हटलं, तर मागे वळा. गड शेकडो वर्षं उभा आहे, पुढच्या रविवारीही असेल. आपल्या शब्दाला घरात किंमत आहे आणि दमलो म्हटलं तर आई-बाबा ऐकतात, ही खात्री मुलाला याच वयात मिळावी लागते. ती देणारे आईबाप माथ्यावर पोचले नाहीत तरी त्यांची सहल सार्थकी लागली.