सातवा चिंचोका

जालना जिल्ह्यातील एखाद्या अंगणवाडीच्या ओट्यावर सकाळी क्षणभर टेकावे, तर चार वर्षांची एक चिमुरडी चिंचोके मोजून करवंटीत टाकताना दिसते. सातवा निसटतो, आणि ती मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. १९४५ साली बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी माँटेसोरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया व पाने यांना शिक्षणसाहित्याचा दर्जा दिला, तो अशाच इवल्या बोटांच्या भरवशावर. दफ्तरी हजेरी लागते, भिंतीवर तक्ता टांगला जातो (बहुधा मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच!), परंतु काळ्या मातीचा गोळा तळहातावर वळताना ओल्या-कोरड्याचा जो निवाडा होतो, तो कोणत्या तक्त्यावर मांडणार? चिमुरडी आता आठव्या चिंचोक्याशी आली आहे, आणि तिला हाक मारण्याचे धाडस मदतनीसबाईंनाही होत नाही.